ओटीतला खपली गहू

नाही, फोन टेबलावर उलटा ठेवा — रेकॉर्ड होत नाहीये ना? बरं. युनिव्हर्सिटीतून आलात म्हणता, कार्डही दाखवलंत, पण कार्ड काय, कुणीही छापतं. आन्या नाव सांगितलंत, मराठीत बोललात, म्हणून दार उघडलं, नाहीतर मिहीरने बजावून ठेवलंय — आई, मी ऑफिसला असताना कुणाला आत घ्यायचं नाही. आणि मावशी इतक्यात म्हणू नका. आधी कळू दे, माझ्या गव्हाचं तुम्हाला काय करायचंय.

तांबेरा पडला नाही, हो, नाही पडला. बागेत भाड्याने प्लॉट देतात ना, तिथे शेजारच्या प्लॉटवाल्या टॉमचा सगळा गेला — पानाला बोट लावलं की गेरू लागावा तसं — आणि माझा तिथेच बाजूला हिरवागार उभा. त्यानेच फोटो टाकला ना नेटवर? वाटलंच मला. दिसतो भोळा. आता तुम्ही म्हणता यात काहीतरी आहे, ते दुसऱ्या गव्हात आणता येईल, सगळ्यांचं पीक वाचेल. सगळ्यांचं म्हणजे कुणाचं? आज मूठभर मागायचं, उद्या त्यावर तुमचं नाव लागणार, आणि परवा आमच्याच गव्हासाठी आम्ही तुमच्या दारात. हसू नका. साधा खपली आहे तो, माझ्या माहेरी आजोबांच्या आधीपासून पेरतात. — इथे कसा आला म्हणजे? एडिसन गावच्या देशी दुकानातून मागवला. बघतेस काय अशी? बरं, नाही दुकानातून. तीन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा इकडे अमेरिकेला निघाले — हे होते तेव्हा — तर माहेरी आसावरीवहिनीने माझी ओटी भरली. आमच्याकडे ओटीत गहूच घालतात. नारळ यांनी काढून ठेवायला लावला, पण ओटीतलं धान्य टाकायचं कसं? आणि दुसऱ्याला तर द्यायचंच नसतं. पदराला गाठ मारून आणला. एअरपोर्टवर त्या माणसाने विचारलं, बी-बियाणं काही? मी म्हटलं, नो. इंग्लिश तेवढंच ठसक्यात येतं मला. हे लिहून घेत नाहीयेस ना?

त्या ओंजळीचा वाढवत वाढवत डबाभर झाला, मोठा, कॉफीचा. आणि ऑगस्टमध्ये तुमचं पत्र आलं, शिक्क्याचं. त्यात ‘सीड’ वाचलं, खालची सही बघितली, सरकारीच वाटलं, आणि पुढचं वाचलंच नाही. मिहीरलाही दाखवलं नाही. त्याचं ग्रीन कार्ड अकरा वर्षं अडकलंय, पोरं इथे जन्मलेली, इथल्या शाळेत — माझ्या पदराच्या गाठीपायी सगळ्यांनी बॅगा भरायच्या? घाबरले मी, सरळ सांगते. गणपतीत मंडळाला खीर हवीच होती. भिजवला, कांडला, शिजवला. सगळा. ऐंशी माणसं जेवली, जो तो विचारतोय काकू, गहू कुठला, आणि मी आपली — एडिसन.

असं तोंड करू नकोस. मला काय माहीत तू कोण ते? आणि हवाच असेल तर आसावरीवहिनीला फोन कर, नंबर देते, तिच्याकडे पोत्यांनी असेल. — केलास? कधी? तुझं मराठी कच्चं, तिला ऐकू कमी येतं, काहीतरी चुकलं असेल. — कांडायला माणूस मिळत नाही म्हणून लोकवन लावतात? मी निघाले त्याच वर्षापासून? म्हणजे माझ्या ओटीत घातला तो शेवटचा — आणि मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर मी — मीच शिजवला गं. वेलची घालून.

थांब, बोलू नकोस जरा. मळणी मी काठीने केली. काठीने सगळं पडत नाही, चार ओंब्या पेंढ्यात राहतातच. आणि पेंढा पसरलाय टोमॅटोच्या बुडाशी, प्लॉटवर. आज शुक्रवार ना? उद्या सकाळी बागवाले ट्रॅक्टर फिरवणार, थंडीसाठी प्लॉट बंद करायला. माझा कोट कुठाय — नाही, तू नाही यायचं. तुझी गाडीही नको, बस जाते तिथे. मी एकटी हुडकीन, काडी न् काडी. सापडलं तर द्यायचं की नाही ते मी ठरवीन, तू नाहीस. ऊठ आता. दार ओढून घे जाताना.