अथेन्सचा जावई

बसा हो पाहुणे, टेका जरा – टोपी तेवढी धरून बसा, वारा उडवून नेईल. कोल्ह्याच्या कातड्याची टोपी म्हणजे थ्रेसचे तुम्ही, उत्तरेचे, लांबूनच ओळखलं मी. म्हणजे आमच्या जावयाच्या गावचेच की. जावई कोण? हाच, हा बोचरा बोरेअस, उत्तरवारा. आमच्या राजाची लेक यानं याच इलिसोस नदीच्या काठावरून उचलून नेली, तेव्हापासून अख्खं अथेन्स त्याची सासुरवाडी. ही वेदी त्याचीच. मानपानाचा भारी – शेजारणीनं नैवेद्यात मध कमी घातला, तर तिचं छप्पर उडवलं, छपरावरची शेळी मात्र अलगद अंगणात, रवंथ करतेय. हसा, हसा. पश्चिमवारा गरीब, फुलं फुलवतो. दक्षिणवारा रडका, पाऊस अन् ताप आणतो. पण जावई म्हणावा असा हा एकच.

माझाही जावई तोच. हो ना. माझी मिर्तो त्या वरच्या खडकावर रानफुलं तोडायला गेली, वारा असाच होता. परत आली नाही. शेजारणी बायकोला म्हणाल्या, रडतेस काय लिसिल्ला, राजकन्येसारखी नेली तुझी लेक, थ्रेसात राणी झाली असेल. बायकोनं तेच धरलं. तिकडं थंडी फार, म्हणून झगा विणला – हा बघा, काठाला डाळिंबं. आता अंथरुणाला खिळलीय, वैद्यानं हात टेकलेत, अन् एकच विचारते, तिकडून कुणी आलं का? तर तुम्ही नुसतं दारात उभं राहायचं, झगा घ्यायचा, म्हणायचं – आई, पाहिली तुमची लेक, सुखात आहे, पोचवतो हा. एवढंच. बायकोला लहानपणी सांभाळणारी दाई थ्रेसची होती, तिकडच्या बोलण्याचा हेल बायको लगेच ओळखते, नाहीतर इथल्याच कुणाला टोपी घालून उभं केलं असतं. खोटं कशानं? खरंही असेल, कुणी सांगावं – बरं, खोटं. खडकाखालून मीच उचलली तिला. हलकी होती. मुठीत फुलं तशीच. आईनं तो चेहरा बघू नये म्हणून इथंच काठाला माती दिली.

मान का हलवता? कुठले? लिबियाचे? दक्षिणेचे – अन् टोपी? बंदरात घेतली, थंडी वाजली म्हणून.

नाही, तुमचा काय दोष. पण तोंड उघडलंत की तिला कळेल. खोटं बोलायलाही माणूस त्या दिशेचाच लागतो. जा तुम्ही, शहराची वाट डाव्या हाताला. अन् टोपी काढून हातात धरा हो – वाटेत आणखी कुणाची लेक तिकडं दिलेली असेल.