डॉमनिकच्या तीनचाकीसाठी ट्रेलर

अरे, डॉमनिकने ट्रेलर कसा घेतला ते तुम्हाला सांगितलंच नाही मी! आपला वसईचा डॉमनिक. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चार वर्षं त्याने बाइकला हात लावला नव्हता. गेल्या महिन्यात पठ्ठ्याने इथे मस्कतमध्ये तीन चाकांची मोटरसायकल घेतली. ती ओमानमधल्याच सूर शहराच्या समुद्रकाठी चालवायची हे त्याचं स्वप्न, पण मस्कतहून तिथवर चालवत नेणं गुडघ्याला झेपणार नव्हतं. म्हणून आम्ही ट्रेलर बघायला गेलो. गाडी मापाला सोबतच नेली होती.

पहिला ट्रेलर साध्या बाइकचा निघाला. चढायला मधोमध एकच फळी, म्हणजे मागची दोन चाकं हवेत. दुसरा मोटारीचा होता. त्याला दोन फळ्या, पण पुढचं चाक मधल्या फटीत.

डॉमनिकचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्यासाठी कुणी ट्रेलर बनवलाच नाही?"

दुकानाचा ओमानी मालक हसला आणि आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथे एक दणकट ट्रेलर उभा होता. त्याचा मागचा अख्खा दरवाजा खाली पाडला की सलग रुंद उतार तयार!

मी मालकाला विचारलं, "अर्बाब, ये किसका है?"

"ऊंट का. ऊंट चढता है, तो ये क्यों नहीं चढेगा? यल्ला, चलो!"

डॉमनिकने गाडी सुरू केली आणि एका दमात वर! तिन्ही चाकं आत. मी शिट्ट्या मारतोय, मालक टाळ्या पिटतोय.

मी म्हटलं, "चल, आता उतर, पट्टे बांधू."

डॉमनिकने हँडल घट्ट धरलं. "तू बांध. मी सूरपर्यंत असाच बसून येतो."