हातावरचं कडं

नायटा हा शब्द ऐकला की मला अजून राग येतो, का ते सांगतो. बारावी सोडून घरी बसलो, त्या वर्षी माझ्या हाताच्या पाठीवर लालसर कडं उठलं. खाज नाय, पापुद्रा नाय. आईनं लांबूनच निकाल दिला, "नायटा हाय. बाळाला हात लावू नको."

बाळ म्हणजे दादाचं पोरगं, पाच महिन्यांचं. ते माझ्याच छातीवर झोपायचं.

शहागंजच्या डॉक्टरांनी हात नीट पाहिला. "नायटा नाही हा. तरुण पोरांना होतं असं. कुणाला लागत नाही. आपोआप जाईल, पण वर्ष-दोन वर्षं लागतील."

घरी येऊन सांगितलं, तर बाबा म्हणाले, "बारावी न झालेल्यानं आम्हाला डॉक्टरी शिकवू नये."

मग मी बाळाला दारातूनच बघायचो. ते माझ्याकडं झेपावायचं आणि आई त्याला उचलून आत न्यायची. दोन महिन्यांत दादाची पुण्याला बदली झाली.

कडं दीड वर्षानं गेलं, डाग पण राहिला नाय. दिवाळीला दादा आला. मी दोन्ही हात पुढं केले, तर पोरगं वहिनीच्या पदराआड लपलं.

बाबा म्हणाले, "लळा लावावा लागतो लेकरांना. तुला तेवढंही जमलं नाय."