पिसाची माशी

दर्यापूर-अमरावती एसटीत पुढच्या सीटवर आजी-आजोबा बोलत होते. मी भूगोल उघडून नुसतं त्यांचंच ऐकत होते!

"दवाखान्यात कोंबड्याचे पिसं कोन नेते वो?"

"आर्किटेक्टसाहेबाले लागते. पिसाची खोटी माशी करते, गळाले बांधते, मासा धरते, अन् देते सोडून."

"अन् त्याच्यावर पुस्तक लिवते! येडंच मानूस."

"आपल्या घराची खिडकी त्यानं नदीकडे काढली, तवाबी तू येडंच म्हने, पार्वता."

"रस्ता दिसे नाई, म्हून भांडली. आता तिथून हालत नाई मी."

"डॉक्टर म्हनते, साहेब डोयेच उघडत नाई."

"मंग पिसं हातात देजा त्याच्या. म्हना, पार्वता खिडकीत बसून हाये. धुक्यात मासे उड्या मारून राह्यले, धरून सोडनारं कोनी नाई."