पडवीतलं यंत्र

न्हाय वो साहेब, बंद कुठलं? हळू बोला, झोपलंय ते, उठंल! बघा की, पडवीत कसं गोणपाट पांघरून बसलंय – आमच्या सासऱ्यांना कधी एवढी ऊब मिळाली न्हाय. दसऱ्याला हार, अमावास्येला नारळ. तुमच्या कागदावर भागोजी म्हणून जे हायेत ना, ते आमचे हे – गेल्या साली बोर्लीला तुमच्या शेतीखात्याच्या शिबिराला गेले, टोपी घालून आले, वडापाव खाऊन आले, न् भातातलं गवत काढायचं हे यंत्र घेऊन आले. आता अडचण एवढीच, की गवत काढणं म्हणजे बेणणी, आणि बेणणी बायकांची – पुरुष बेणणीला उतरला तर गावकीत तोंड दाखवंल का? मग बायकांनी चालवावं म्हणाल, तर यंत्र पुरुषाचं! पेट्रोलवर चालतं ना! बाईनं दोरी ओढून इंजिन चालू केलं की घराची अब्रूच गेली. म्हणून ते पडवीत न् आम्ही चिखलात वाकलेल्या. यंत्र फिरायला वाट ऱ्हावी म्हणून सुतळी धरून ओळीत लावणी केली ती पण आम्हीच – शिबिर तेवढं ह्यांचं.

मग आमचं शेत एवढं साफ कसं? हे तर गावभर सांगतात, यंत्र घरात आल्यापास्नं गवतच उगवत न्हाय! घाबरत असंल गवत, पेट्रोलच्या वासाला... आँ? वापरात न्हाय तर दुसऱ्या गावाला देणार? थांबा, थांबा, तो फोन ठेवा खाली. सांगते. पण ह्यांच्या कानावर जाता कामा न्हाय. रविवारी देवळात गावकी बसते – सगळे बाप्ये तिथं. शिमग्याला पालखी आधी कुणाच्या दारात, ह्यावर पावसाळा लागल्यापास्नं भांडण – असला आवाज चढतो की इंजिन काय, विमान उतरलं तरी ऐकू जायचं न्हाय. तेवढ्यात मी न् बायजा, माझी जाऊ, यंत्र ढकलत शेतात नेतो. पेट्रोल? बायजाच्या नवऱ्याच्या गाडीतलं – तो बिचारा मेकॅनिककडं ॲव्हरेज दाखवत फिरतोय! हसा, हसा. पण खरं सांगू साहेब – औंदा बेणणीच्या दिवसात मी शेतात ताठ उभी राहिले. कंबर धरून न्हाय, ताठ. रडूच आलं मला. इतकी वर्षं कूस बदलताना ओरडायची मी, न् हे म्हणायचे, सवय हाय तिला. आता न्हाय व्हायचं परत तसं वाकणं. न्यू नका हे, पाया पडते –

आले बघा हे. गप्प ऱ्हावा. अवो, साहेब आलेत, यंत्राचं विचारायला... काय? घेऊन जा? आपल्याकडं गवतच उरलं न्हाय, गरजवंताला द्या? वा! मन केवढं मोठं! – साहेब, हात काढा त्यावरनं. बायजा, ये भायेर, ते गोणपाट वढ गं. बघू दे गावाला बघायचं तर. अवो, तुम्हीपण सरका जरा मागं. दोरी ओढायला जागा लागते मला.