मायनर झालं, मेजर बाकी

मला आजारी पाडलं ते शेजारच्या, गडग्यापलीकडच्या सुमनकाकूंनी. झालं काय, पडवीत उभा राहून मी बेस गिटारच्या सरांशी फोनवर बोलत होतो, "मायनर झालं सर, पण बोटं अजून सुजलीयत. मेजर पुढच्या आठवड्यात करू."

संध्याकाळी काकू त्यांच्या पावस गावच्या बागेतली दोन शहाळी घेऊन हजर! "मेल्या, मायनर झालं नि आम्हाला पत्ता नाय? टाके किती पडले?"

"अहो काकू, ऑपरेशन नाही, आर्पेजिओ! कॉर्डमधले सूर एकेक करून वाजवायचे. मायनर नि मेजर हे त्याचे प्रकार." लगेच गिटार काढून सगळे मायनर वाजवून दाखवले.

काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं, शहाळी परत उचलली नि म्हणाल्या, "ऑपरेशनच बरं होतं रे. त्यात निदान भूल तरी देतात."