तिथे खांब नको, तिथे मामंजी बसलेत

...आणि खांब तिथे नको म्हणे! का नको? तर तिथे मामंजी बसलेत! अहो, तुम्हाला सांगते, मामंजींना जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते! अकरा महिने! त्यांचा चष्मा कपाटात, काठी दारामागे, फोटो हॉलच्या भिंतीवर, आणि मामंजी कुठे? तर मागच्या परसात, बाकड्याच्या डाव्या टोकाला, गुडघ्यांवर हात ठेवून! आणि सासूबाईंनी हे सांगितलं कसं, तर 'दूध आलंय, तापत ठेव' असं सांगावं तितक्या साध्या आवाजात. परसात पर्गोला उभारायचा होता, त्याचं माप घ्यायला आलेला फॅब्रिकेटर बिचारा हातात टेप घेऊन उकिडवा बसला होता बाकड्याशी, तो तसाच्या तसा दोन पावलं मागे सरकला. मी म्हटलं, झालं! आता इथे घोडं अडणार. आणि हे बघा, पुढचं ऐकायच्या आधी एक सांगून ठेवते, माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही.

तर हा पर्गोला आमच्या डोक्यात शिरला कसा? पर्गोला म्हणजे काय, चार खांब आणि वर पट्ट्या, सावलीपुरतं छप्पर. सासूबाई त्याला अजूनही मांडवच म्हणतात. शिरला तो सासूबाईंमुळेच. मामंजी गेले, पाहुणे येऊन गेले, घर जरा थाऱ्यावर आलं, आणि बाईंनी नवीनच सुरू केलं. दुपारचे दोन वाजले की उठायचं आणि परसात जाऊन बाकड्याच्या उजव्या टोकाला बसायचं. पाच वाजेपर्यंत! अहो, आमच्याकडचं ऊन म्हणजे ऊन आहे का ते? समुद्र दोन गल्ल्यांवर, त्यामुळे वरून भाजतं आणि खालून शिजतं! सकाळी धुतलेला सदरा अंगावर चढवेपर्यंत ओला. कुत्रीसुद्धा दुपारी गटारात जाऊन पडतात, आणि ही सत्तरीची बाई डोक्यावर पदर घेऊन फरशीच्या तव्यावर! आई, आत चला. नाही. आई, निदान पंखा लावून खिडकीतून बघा. नाही. का हो नाही? 'ते एकटे उन्हात बसलेत, त्यांना टाकून कशी येऊ?'

दोनदा चक्कर येऊन पडल्या. दुसऱ्या वेळी कपाळाला टाके. डॉक्टरांनी मला आणि ह्यांना बाजूला घेतलं, 'वहिनी, तिसऱ्यांदा आणाल ना, तेव्हा मला काही करता येईल असं धरून चालू नका.' असं तोंडावर! आम्ही मोठी छत्री आणली, ती वाऱ्याने शेजारच्यांच्या गच्चीवर नेऊन ठेवली. कापड बांधलं, आठ दिवसांत चिंध्या. दाराला कडी लावली, तर बाई पुढच्या दाराने निघून घराला वळसा घालून बाकड्यावर हजर! शेवटी आमचे हे म्हणाले, 'आई आत येत नाही ना? मग सावली बाहेर नेऊ.' लग्नानंतर प्रथमच मला वाटलं, या माणसाला सुचतं हो काहीतरी.

पण सुचणं वेगळं आणि ठरवणं वेगळं! लाकडाचा घ्यावा, लोखंडाचा घ्यावा, की ॲल्युमिनियमचा? ह्यांनी दोन महिने लावले. जेवताना व्हिडिओ, झोपताना व्हिडिओ, एकदा तर झोपेत म्हणाले, 'गंज धरेल.' आणि धरतोच हो! इथला खारा वारा म्हणजे काय विचारता, सकाळी खिळा ठोका, चार दिवसांत तांबडा. आमच्या फाटकाची बिजागरी तर हातात भुगा होऊन आली. लाकूड म्हणाल तर फुगतं, वर वाळवी. बरं, ह्यांचं कसंबसं ठरत आलं लोखंडावर, दोन हात रंग देऊ म्हणाले, तर सासूबाई पोळीचा घास मोडता मोडता म्हणतात, 'त्यांना लोखंड नको. तापतं म्हणाले.'

म्हणाले! अहो, हा माणूस जिवंतपणी कधी काही म्हणाला? मामंजी, भाजी कुठली करू? 'कर काहीही.' मामंजी, पडदे निळे की पिवळे? 'लाव कुठलेही.' चहात साखर विसरले तरी मुकाट्याने पिऊन कप विसळून ठेवणारा माणूस! आणि आता? लोखंड तापतं, पांढरा रंग डोळ्यांवर येतो, वर प्लास्टिकचा पत्रा नको, पट्ट्याच हव्यात म्हणजे वारा खेळतो! गेल्यावर माणसाला इतकी मतं फुटतात होय? आणि गंमत सांगू का, सगळी बरोबर! फॅब्रिकेटर आला तो पहिलं वाक्य बोलला, 'समुद्राजवळ ॲल्युमिनियमच घ्या, वर पत्रा टाकू नका, भट्टी होईल.' ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सिंककडे बघितलं. माझा विश्वास नाही म्हणजे नाही.

आणि मग तो खांब. चौथा खांब नेमका बाकड्याच्या डाव्या टोकाला येत होता. हे म्हणाले, 'बाकडं सरकवू या ना हातभर.' साधी गोष्ट! हे एका बाजूने, फॅब्रिकेटर दुसऱ्या बाजूने, लावला हात, आणि सासूबाई ओरडल्या, 'अरे हळू! पडतील ना ते!' ह्यांनी हात सोडला. ऑफिसात पन्नास माणसं ज्यांच्या हाताखाली, त्या माणसाने चटका बसल्यासारखा हात सोडला हो! फॅब्रिकेटर मला दाराशी गाठून हळूच म्हणतो, 'ताई, पंधरा वर्षं झाली मला या धंद्यात. मध्ये झाड येतं, पाण्याची टाकी येते, एकांकडे कासवाचं टाकं आलं. बसलेला माणूस पहिल्यांदाच.' मी म्हटलं, दादा, तुम्ही खांब पलीकडे घ्या, वाकडं तर वाकडं. तो म्हणाला, 'बघणारे मला हसतील.' मी म्हटलं, आम्हाला तर केव्हाचे हसतायत!

बरं, खांब सरकला तर सावली सरकणार. फॅब्रिकेटर आला होता बाराला, बाराचं ऊन डोक्यावर. सासूबाईंनी बरोब्बर बोट ठेवलं, 'बाराला सावली घेऊन काय करू? तीन वाजता ऊन तिकडून तिरकं येतं, तेव्हाचं बघा.' म्हणून मग दुसऱ्या दिवशी तीन वाजता, ऐका हं, मी आणि हे, दोन बांबू, आणि आमच्या पलंगावरची फुलाफुलांची चादर! वर धरून उभे! खाली कोण? उजव्या टोकाला सासूबाई आणि डावीकडे रिकामं बाकडं! आणि बाई सूचना देतायत, 'अजून थोडं पुढे. थांब. खाली घे. गुडघ्यावर ऊन येतंय त्यांच्या.' ह्यांच्या नाकावरून घाम ठिबकतोय. तेवढ्यात भिंतीवरून शेजारच्या काकूंचं डोकं, 'काय गं, काय चाललंय?' मी म्हटलं, सावली करतोय. 'कोणाला?' आता काय सांगू? हेच म्हणाले, 'बाबांना.' काकूंचं डोकं जे खाली गेलं ते आठ दिवस वर आलं नाही.

हसताय? हसा. मलाही हसू येत होतं तेव्हा. चादर थरथरत होती हसण्याने. आणि त्याच वेळी मला वास आला. बामाचा. मामंजी गुडघ्याला लावायचे तो, पिवळ्या डबीतला. उन्हात तापला की त्याचा वास दारापर्यंत यायचा. डबी मी माझ्या हाताने टाकली होती कचऱ्यात, दहा महिन्यांपूर्वी. आणि वास असा, की आत्ता लावलाय. माझ्या हातातला बांबू खाली आला. हे ओरडले, 'अगं धर नीट!' मी धरला. काय करणार? नाही म्हटलं तरी सासरे होते.

आता इतकं सांगितलंच आहे तर एक सांगते. कोणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनासुद्धा नाही. मामंजी गेले ते त्याच बाकड्यावर, दुपारी तीन वाजता. मी स्वयंपाकघरात ओटा पुसत होते. दार लोटलेलं, झळा येतात म्हणून. आणि बाहेरून हाक आली, 'सूनबाई, जरा बाहेर येतेस का?' मोठ्याने नाही. त्यांचं सगळंच हळू. मी म्हटलं, 'आले हं मामंजी, दोन मिनिटं.' आणि फडकं पिळलं, आणि पंख्याखाली टेकले, म्हटलं घाम वाळू दे... आणि डोळा लागला. उठले तेव्हा पाच वाजले होते. ते तसेच बसलेले, गुडघ्यांवर हात. डॉक्टर म्हणाले, 'क्षणात गेले, तुम्ही धावत गेला असतात तरी उपयोग नव्हता.' डॉक्टर म्हणणारच हो. सगळ्यांनी विचारलं, हाक मारली का त्यांनी? मी म्हटलं, नाही, मला काही ऐकू आलं नाही. आणि तेव्हापासून रोज, तुमची शपथ, रोज तीन वाजता, मिक्सर चालू असो की नळ चालू असो, मला ती हाक ऐकू येते. भुताखेतांवर विश्वास नसलेल्या माणसाला हाक ऐकू आली तर त्याने काय करायचं, हे कुठे लिहिलंय का? असेल तर मला सांगा.

तर ते असो. पर्गोला आला. दोन दिवस ठोकाठोक, भोकं पाडायचं मशीन कानात घुमतंय, सिमेंटची धूळ लोणच्याच्या बरणीपर्यंत. खांब तीन सरळ रांगेत आणि चौथा रुसून बाजूला उभा. लोक म्हणतात नाचता येईना अंगण वाकडं, आमच्याकडे अंगण सरळ आणि मांडव वाकडा! आणि तो फॅब्रिकेटर, ज्याला बसलेला माणूस दिसत नव्हता ना, तो चौथ्या खांबाचा खड्डा खणताना बाकड्याकडे न बघता काय पुटपुटला माहितीय? 'आजोबा, पाय वर घ्या जरा.' मी खिडकीतून ऐकलं. म्हटलं, गेला हाही!

तिसऱ्या दिवशी तीन वाजता सावली पडली. अशी पडली म्हणून सांगते, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत, वारा खेळतोय, कुठे ठिपका म्हणून उन्हाचा नाही. मला भरूनच आलं. म्हटलं सुटली बाई, आता खुशाल बसेल. मी सरबत घेऊन जाते तोच सासूबाई उठल्या, पदर झटकला आणि सरळ आत येऊन पंख्याखाली आडव्या झाल्या! मी म्हटलं, आई, अहो बसा की, आता तर सावली झाली! तर म्हणाल्या, 'मला कशाला? सावली त्यांना हवी होती. मी येते आता आत.'

मी पेला घेऊन पाठोपाठ आत. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, 'त्या दिवशी मी जागी होते गं. खिडकी माझ्या उशाशीच. त्यांनी हाक मारलेली मी ऐकली. तू दोन मिनिटं म्हणालीस, तेही ऐकलं. मला वाटलं, तुला बोलावलंय, तू जाशील. मी कूस बदलली.' अकरा महिने! अकरा महिने आम्ही दोघी एकाच घरात, एका ताटलीतली चटणी खात, एकमेकींपासून तीच हाक लपवत होतो! मी रडले. त्याही रडल्या असतील, भिंतीकडे तोंड होतं. मी म्हटलं, आई, म्हणून बसत होतात होय उन्हात? म्हणाल्या, 'हो. पण माझं फिटलं आता. सावली झाली त्यांना.' आणि डोळे मिटता मिटता, किती थंडपणे, 'तुझं तू बघ.'

तुझं तू बघ! ही सासू! टाके तिच्या कपाळाला, धावपळ माझी, आणि शेवटी हिशेब माझा मला! तेव्हापासून सासूबाई दुपारभर पंख्याखाली घोरतायत, गालांवर बाळसं धरलंय, डॉक्टर म्हणाले आता दहा वर्षं काळजी नाही. आणि तीन वाजले की बाकड्याच्या उजव्या टोकाला कोण? मी! भाजी घेऊन जाते निवडायला. बोलत नाही हं मी काही. म्हणजे, भाजी महाग झाली वगैरे तेवढंच. विश्वास नाहीच माझा. पण हाक यायची थांबली, खोटं कशाला बोलू?

फक्त उजव्या बाजूने चारनंतर जरा ऊन येतं हो. म्हणून काल ह्यांनी फॅब्रिकेटरला फोन लावला, मी बाहेर बसलेली, खिडकी उघडी, फोन स्पीकरवर, सगळं ऐकू येतंय. हे म्हणाले, 'त्या बाजूलाही चार पट्ट्या मारून द्या.' तो म्हणाला, 'तिकडे तर आजी बसायच्या ना?' 'नाही, आता आमची बायको बसते.' मग त्याने अगदी अदबीने विचारलं, 'म्हणजे... वहिनी आहेत ना?'

आणि आमचे हे, अहो अठरा वर्षं संसार केलाय मी या माणसाशी, 'आहे की' म्हणायच्या आधी फोन हातात धरून खिडकीतून वाकून बघून गेले! मी आपला हात हलवला. काय करणार?